समुद्र की शहर? परदेशवारीचा हिशेब बालाघाटच्या दारातून मांडा

बालाघाट : धानाचे पैसे खात्यात आले, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या, की आपल्याकडे घरोघरी एक विषय निघतोच. यंदा जायचं का कुठं बाहेर? पूर्वी हा प्रश्न पचमढी, अमरकंटक, फार तर गोव्यापर्यंत थांबायचा. आता हनुमान चौकातल्या चहाच्या टपरीवरही थायलंड, दुबई, बाली ही नावं सहज निघतात. मोबाईलवर निळं पाणी आणि नारळाची झाडं दिसतात, खाली लिहिलेलं असतं ‘चार रात्री, पाच दिवस’ आणि एक आकडा. तो आकडा बघून लोक ठरवतात. घोटाळा इथेच होतो, कारण तो आकडा मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळापासून मोजलेला असतो, बालाघाट, वारासिवनी किंवा लांजीतल्या तुमच्या घरापासून नाही.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. समुद्र निवडायचा की शहर, हे जाहिरातीवरून ठरवू नका. आपल्याला सुट्टी कोणत्या महिन्यात आहे, घरून विमानापर्यंत कसं पोचणार, सोबत कोण येणार आणि कागदपत्रं तयार आहेत का, या चार गोष्टींवर ठरवा. याच क्रमाने बघू.

आधी कॅलेंडर बघा

शहर बाराही महिने शहरच असतं. पाऊस आला तर मॉलमध्ये शिरा, संग्रहालय बघा, मेट्रोत बसा. समुद्राचं तसं नाही. प्रत्येक किनाऱ्याचा पावसाळा वेगळा असतो आणि तो आपल्या पावसाळ्याशी जुळेलच असं नाही. चुकीच्या महिन्यात गेलं की खवळलेला समुद्र, बंद बोटी आणि हॉटेलच्या खोलीत पत्ते कुटणं एवढंच हाती लागतं. त्या महिन्यात पॅकेज स्वस्त मिळतं, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

आपल्या भागात फिरायला जायच्या वेळा साधारण तीन.

पहिली जानेवारी ते मार्च. धान विकून झालेलं असतं, शेतकरी कुटुंबाच्या हातात पैसा आणि वेळ दोन्ही असतो. या दिवसांत थायलंडचा फुकेत-क्राबीचा किनारा, मालदीव, श्रीलंकेचा नैऋत्य किनारा म्हणजे बेंटोटा-मिरिसा, हे सगळे कोरडे आणि शांत असतात. शहरांमध्ये दुबई आणि बँकॉक याच काळात सुखाची. मॉरिशसला मात्र जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, आणि बालीत पाऊस चालू असतो.

दुसरी वेळ मे-जूनची, शाळेच्या सुट्टीची. नोकरदारांची आणि शिक्षकांची हीच. इथे बहुतेक जण चुकतात, कारण फुकेतकडे मे महिन्यातच पावसाळा सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत राहतो. त्याच वेळी बालीत कोरडा ऋतू असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. श्रीलंकेत तर गंमत आहे. नैऋत्य किनाऱ्यावर पाऊस असतो तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमालीला समुद्र शांत असतो. एवढ्याशा बेटाला दोन पावसाळे! दुबईत मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. आपल्याला उन्हाची सवय आहे, पण उन्हाळ्यातून उठून उन्हाळ्यातच जायचं, तेही पैसे देऊन, याचा विचार करा. सिंगापूर आणि क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ आहेत, तिथे वर्षभर हवा जवळपास सारखीच, अधूनमधून सर येतेच. मे महिन्यात शहर बघायचं तर ही दोन बरी.

तिसरी वेळ दिवाळीची. शेतात कापणी-मळणी चालू, त्यामुळे शेतकऱ्याला सवड नसते, पण व्यापारी आणि नोकरदार निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मॉरिशसची हवा छान असते. दुबई नोव्हेंबरपासून सुधारते. थायलंडच्या पूर्वेकडच्या कोह सामुई बेटावर मात्र नोव्हेंबर हा सगळ्यात ओला महिना, आणि व्हिएतनामच्या दानांगला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराची भीती. ‘थायलंडला कधी जावं?’ हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. थायलंडच्या कोणत्या किनाऱ्याला, ते विचारा.

मग रस्ता मोजा

आपल्याला विमान गाठायचं म्हणजे आधी नागपूर, नाहीतर गोंदियाहून रेल्वे. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून शारजा आणि दोहा या शहरांकडे थेट उड्डाणं सुरू झालेली आहेत. ती त्या दिवशी आहेत की नाहीत, हे कंपनीच्या वेळापत्रकात बघून घ्या. शारजाहून दुबई जवळच, रस्त्याने जाता येतं. त्यामुळे दुबईची सहल करायची असेल तर मुंबई गाठायचीच असं नाही.

बँकॉककडे जाणाऱ्यांनी नकाशा एकदा नीट बघावा. गोंदिया हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे आणि जवळपास मधोमध आहे. मुंबई साधारण हजार किलोमीटर, हावडाही साधारण तेवढंच. सवयीने आपण मुंबईच धरतो, कारण नातेवाईक तिकडे असतात. पण बँकॉक पूर्वेला आहे आणि कोलकात्याहून तिथलं उड्डाण जेमतेम अडीच तासांचं. दोन्हीकडचं भाडं तपासा, मगच ठरवा.

रेल्वेने विमान गाठायचं असेल तर एक नियम पाळा. त्याच दिवशीची गाडी धरू नका. गाडी पाच तास उशिरा आली आणि विमान सुटलं तर रेल्वेही पैसे देत नाही, विमान कंपनीही देत नाही. आदल्या दिवशी पोचा, एक रात्र तिथे काढा, आणि तो खर्च सहलीच्या हिशेबात आधीच धरा. नागपूरहून मुंबई आणि तिथून पुढे परदेश असा प्रवास असेल तर दोन्ही उड्डाणं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. एका तिकिटावर असेल आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढली तर तो भुर्दंड तुमचा.

घर ते विमान आणि परत, या दोन टोकांना मिळून दोन दिवस सहज जातात. म्हणून चार दिवसांची सुट्टी असेल तर शहर घ्या. शहर पोचल्या पोचल्या सुरू होतं. समुद्राला निदान सहा-सात दिवस हवेत, नाहीतर बेटावर पोचायचं आणि लगेच बॅग भरायची.

सोबत कोण आहे?

नवं लग्न झालेलं जोडपं, आई-बाबा, शाळकरी मुलं आणि मित्रमंडळी, या चौघांची सहल एकच असू शकत नाही.

शहरात चालावं लागतं. मेट्रोचे जिने, लांबच लांब बाजार, प्रदर्शनं. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन रोज तीन ठिकाणं बघायची म्हणजे तिला दमवणं. पण शहरात शाकाहारी जेवण सहज मिळतं. सिंगापूरच्या लिटल इंडियात किंवा बर दुबईत भात-वरणासाठी हिंडावं लागत नाही. समुद्रावर उलटं असतं. चालणं कमी, आराम जास्त, पण हॉटेल गावापासून लांब असेल तर तीन वेळचं जेवण तिथेच आणि ते सांगतील त्या दराने. बुकिंग करताना जेवण धरलंय का, शाकाहारी काय मिळेल, हे लेखी विचारा.

मालदीवबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. विमानतळापासून रिसॉर्टच्या बेटावर नेणारी स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं छोटं विमान, याचे पैसे बहुधा वेगळे असतात आणि ते थोडे नसतात. स्वस्त पर्याय म्हणजे माफुशीसारखी स्थानिक वस्तीची बेटं. तिथे गेस्टहाऊस आहेत. पण ती मुस्लिम वस्ती आहे, दारू मिळत नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत फिरायची जागा ठरलेली असते.

घरात एकमत होत नसेल तर शहराला लागून समुद्र असलेली ठिकाणं बघा. कोलंबो आणि बेंटोटा, क्वालालंपूर आणि लंकावी, किंवा दुबई, जिथे शहर आणि किनारा एकाच जागी आहेत. मात्र वयस्कर माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर दर दोन दिवसांनी हॉटेल बदलू नका. एका जागी चार रात्री राहा.

आणि समुद्रही हवा, आपलं माणूसही हवं, तर मॉरिशस आहेच. १८३४ पासून ब्रिटिशांनी भारतातून करारावर मजूर नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे हे मजूर उतरले, तो २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपणही राज्याच्या सीमेपलीकडे राहिलेली मराठी माणसं. तिथल्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर नुसत्या समुद्रापेक्षा काहीतरी जास्त हाती लागतं.

कागदपत्रं : सीमाभागाची खरी अडचण

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, गोंदिया-भंडारा तिकडे गेलं. नाती मात्र दोन्हीकडे राहिली. जन्म गोंदियाच्या दवाखान्यात, शाळा बालाघाटला, कॉलेज नागपूरला, लग्न तुमसरला. त्यामुळे एकाच माणसाची कागदपत्रं दोन राज्यांची, दोन पद्धतींची. महाराष्ट्राच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव असतं, इकडच्या मार्कशीटवर नसतं. बाईमाणसाच्या नावापुढे एका कागदावर ‘बाई’ लागलेलं, दुसऱ्यावर नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं.

घरात बसून हे कुणाला खटकत नाही. पासपोर्टच्या खिडकीवर खटकतं. म्हणून तिकीट काढण्याच्या निदान तीन-चार महिने आधी घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

काही गोष्टी लक्षात ठेवा :

* मध्य प्रदेशाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय भोपाळला, गोंदिया-भंडाऱ्याचं नागपूरला. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. पण पोलीस चौकशी अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते. नागपूरला भाड्याने राहणाऱ्या मुलाने पत्ता विचार करून लिहावा.
* लग्नानंतर नाव बदलणं पासपोर्टसाठी सक्तीचं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तिकीटही त्याच नावाने काढा. दोन्हींवर तेच नाव, त्याच स्पेलिंगने हवं.
* पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोन्ही रकाने भरलेले असावेत. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणार नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं.
* पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. जुना पासपोर्ट काढून आजच बघा.

व्हिसाचे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे शेजारच्याने गेल्या वर्षी काय केलं यावर जाऊ नका. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली, नंतर मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन अर्ज भरणं सक्तीचं केलं. बालीने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया कर सुरू केला. आकडा ऐकून घाबरू नका, तिथला रुपिया आपल्या रुपयापेक्षा फार लहान आहे. सिंगापूरचा व्हिसा मात्र निघण्याआधीच काढावा लागतो. त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा. सारख्या नावाच्या खासगी साइट फुकटच्या अर्जाचेही पैसे घेतात.

पैसा आणि एजंट

पॅकेज घेताना एजंटला पाच प्रश्न विचारा. विमानाचं तिकीट धरलंय का? व्हिसा धरलाय का? जेवण किती वेळचं? विमानतळ ते हॉटेल गाडी कुणाची? रद्द केलं तर किती पैसे परत? उत्तरं कागदावर घ्या. पैसे फर्मच्या खात्यात भरा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही, आणि जीएसटीचं बिल मागा. तिकीट हातात आलं की त्यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून बघा. हॉटेललाही थेट मेल टाकून आपलं नाव आहे का ते विचारा. यात संकोच कसला? पैसा आपला आहे.

परदेशी पॅकेजच्या बिलावर टीसीएस नावाची रक्कम दिसेल. तो वेगळा कर नाही, आगाऊ कापलेला आयकर आहे. तुमच्या पॅननंबरवर जमा होतो आणि विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून बिलावर तो वेगळा लिहून घ्या. ज्याच्या नावाने पैसे भरले त्याने विवरणपत्र भरलंच नाही, तर ते पैसे तसेच पडून राहतात.

सोबत सगळी रोकड नेऊ नका. परदेशी चलन नोटांच्या रूपात साधारण तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतं आणि भारतीय रुपये पंचवीस हजारांपर्यंत. डेबिट कार्डवर परदेशातला वापर बँकेत सांगून सुरू करून घ्या. तिकडच्या दुकानदाराने ‘रुपयात कापू की इथल्या चलनात?’ विचारलं तर तिथलंच चलन सांगा. रुपयात कापताना दर बहुधा त्यांच्या सोयीचा असतो.

बॅगेत काय नको

आपल्याकडची साधी वस्तू तिकडे गुन्हा ठरू शकते. अनारशांवरची खसखस सिंगापूर आणि दुबईत चालत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीचा फराळ नेताना हे आठवा. खर्रा, गुटखा, तंबाखूची पुडी घरीच ठेवा. सिंगापूरमध्ये चघळायचा तंबाखू नेणं बंद आहे. मालदीवमध्ये दारू आणि पूजेच्या मूर्ती आणता येत नाहीत, म्हणून बॅगेतला छोटा गणपतीही आधी काढून ठेवा. झोपेच्या, वेदनेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत ठेवा.

आणि कुणीही ‘एवढा डबा तिकडच्या भावाला द्या’ म्हटलं तर नाही म्हणा. ओळखीचा असला तरी. बॅगेत जे सापडेल ते तुमचं, पोलीस दुसरं काही ऐकत नाहीत.

वैनगंगेत पोहणं वेगळं, समुद्र वेगळा

आपल्यातले बरेच जण वैनगंगेत, तलावात पोहायला शिकलेले. त्यामुळे पाण्याची भीती नसते, आणि हाच धोका. नदीचा ओढ वाहत्या दिशेने असतो, तो डोळ्यांना दिसतो. समुद्रात लाटा किनाऱ्याकडे येताना दिसतात, पण मधेच एखाद्या पट्ट्यात पाणी आत, खोल समुद्राकडे परतत असतं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा उलट शांत वाटते आणि माणूस नेमका तिथेच उतरतो.

असा ओढ लागला तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, चांगला पोहणाराही त्यात थकतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्याच्या बाहेर आलात की मग किनाऱ्याकडे या. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेत असते, तिथेच उतरा. पिऊन पाण्यात जाऊ नका.

तसंच भाड्याच्या स्कूटरचं. आपला परवाना तिकडे आपोआप चालत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो नेणार असलेल्या देशात चालतो का ते विचारा. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. विमा तर काढाच. बीपी, साखर असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. लपवलेला आजारच दावा बुडवतो.

फुकटची सहल आली तर

शेवटची गोष्ट तरुणांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. ‘तिकीट आम्ही देतो, आधी टुरिस्ट व्हिसावर या, तिथे कॉम्प्युटरचं काम लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर ती सहल नव्हे. थायलंडमध्ये नोकरी सांगून भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पर्यटक व्हिसावर नोकरी करणं बेकायदा आहे. नोकरीसाठी पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी तपासा. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका.

निघताना पासपोर्टच्या दोन झेरॉक्स करा. एक बॅगेत, एक घरी. जाणार त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर मोबाईलमध्ये नाही, कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोबाईल हरवला की त्यातला नंबरही हरवतो. तोच कागद घरच्या भिंतीवरही चिकटवा. इथे मागे थांबलेल्या माणसाला रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, हे माहीत असलं पाहिजे. त्यानंतर समुद्र निवडा की शहर, तुमची मर्जी. सुखाने जा आणि सुखाने घरी या.